परीक्षक क्रमांक नऊ

निकाल शनिवारी संध्याकाळी लागला. रविवारी सकाळी आठ वाजता बारीकरावांनी वर्तमानपत्रातला गुणांचा तक्ता कात्रीनं कापून काढला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. त्यांची आवडती गायिका चार गुणांनी हरली होती. दोनशे एकतीस विरुद्ध दोनशे सत्तावीस. बारीकरावांनी बेरीज तीन वेळा केली. बेरीज बरोबर होती.

बारीकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं ते चष्म्याच्या काचा घासत होते आणि केसभर जाडी जास्त भरली तरी काच पुन्हा चाकावर धरत. त्यावरून लोकांनी नाव पाडलं आणि ते इतकं चिकटलं की आता पाकिटांवरसुद्धा तेच येई. दुकान त्यांचं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं होतं. पुढच्या खोलीत ताई गिऱ्हाइकांचा नंबर काढायची, मागच्या खोलीत बारीकराव काचा घासायचे. मधल्या भिंतीला एक खिडकी होती. ताई चिठ्ठीवर नंबर लिहून खिडकीतून सरकवायची, बारीकराव काच करून परत सरकवायचे. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

गायिकेला सगळे गोदीवाली म्हणत, कारण गाण्यात येण्याआधी ती बंदरात क्रेन चालवायची. आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. अकरा वर्षांपूर्वी बारीकरावांनी तो पहिल्यांदा रेडिओवर ऐकला तेव्हा हातातली काच चाकावरच राहिली आणि वाया गेली. तीस वर्षांत वाया गेलेल्या काचा एकूण चार, त्यातली ही एक. तेव्हापासून ते गोदीवालीचे झाले. तिच्या रसिक मंडळात सात सभासद होते, आणि बारीकराव चिटणीस होते.

देशातर्फे बाहेरच्या मोठ्या स्पर्धेत कुठलं गाणं पाठवायचं ते या स्पर्धेत ठरे. दहा गाणी, तीस परीक्षक, प्रत्येक परीक्षकानं प्रत्येक गाण्याला एक ते दहा गुण द्यायचे. परीक्षक म्हणजे कोणी गवई नव्हेत. अर्ज केलेल्या साध्या माणसांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले. गोदीवालीची ही तिसरी खेप. 'चौथा मजला' हे तिचं गाणं एका बाईविषयी होतं. ती जिना चढते आणि वर गेल्यावर दार वाजवत नाही. "या वेळी नाही जमलं तर पुन्हा क्रेनवर," असं तिनं मुलाखतीत सांगितलं होतं. "जागा ठेवलीय त्यांनी माझी." जिंकले ते तीन चंदेरी कोटवाले. त्यांच्या गाण्याचं नाव 'हात वर', आणि हात वर करण्यापलीकडे त्या गाण्याला काही सांगायचं नव्हतं.

बारीकराव तक्त्याचा एकेक रकाना बोट ठेवून वाचत गेले. एकोणतीस परीक्षकांनी गोदीवालीला पाच किंवा त्याहून जास्त गुण दिले होते. परीक्षक क्रमांक नऊनं दोन दिले होते. चंदेरी कोटवाल्यांना सहा.

तक्त्याच्या खाली परीक्षकांची माहिती होती, नावं गाळून. बारीकरावांनी नवव्या ओळीवर बोट ठेवलं. 'चष्म्याचा नंबर काढणाऱ्या. वय चौपन्न. आवड : शिवणकाम, शांतता.'

बोट तिथंच राहिलं.

चार वर्षांपूर्वी हा अर्ज त्यांनीच भरला होता. त्यांचे स्वतःचे सात अर्ज फेटाळले गेले होते, कारण 'कोणत्याही गायकाविषयी विशेष ओढा आहे काय?' या प्रश्नाला त्यांनी दर वर्षी खरं उत्तर दिलं होतं आणि एकदा तर सोबत दोन पानं जोडली होती. मग त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या नावे अर्ज भरले. एखादा तरी लागेल, आणि लागला तर घरचं माणूस घरच्यासारखं वागेल, असा त्यांचा विचार होता. ताईच्या अर्जात 'संगीताविषयी भूमिका' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'निःपक्षपाती' असं लिहून टाकलं. मग विसरले.

शुक्रवार-शनिवार ताई बाहेरगावी होती. "नव्या मशीनचं ट्रेनिंग आहे," म्हणाली होती. तिची बॅग बारीकरावांनीच बसथांब्यापर्यंत नेली होती. बस आली तेव्हा ते म्हणाले होते, "जमलं तर शनिवारी स्पर्धा बघ ग." आणि ताई म्हणाली होती, "बघते ना."

*

अकरा वाजता रंगाच्या दुकानावरच्या खोलीत मंडळाची तातडीची सभा भरली. अध्यक्ष मोटार चालवायला शिकवत. बावीस वर्षं दुसऱ्याच्या शेजारी बसून काढल्यामुळे बोलतानाही त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबावा तसा मधूनच जमिनीवर दाबला जाई.

"हा नऊ नंबर," अध्यक्ष तक्ता फडकवत म्हणाले. "दोन! अहो, दोन गुण काय द्यायचे असतात? दोन गुण आमच्या मांजराच्या ओरडण्याला मिळतील."

"मांजराला एक," दंतवैद्यबाई म्हणाल्या. त्या खजिनदार होत्या.

"बारीकराव, नियम काय म्हणतो?"

बारीकरावांना नियमावली पाठ होती. "नियम सतरा," ते म्हणाले. "परीक्षकानं प्रत्येक गाणं त्याच्या गुणांवर जोखलं पाहिजे. तसं केलं नाही असं दुसऱ्या कोणी तक्रार करून दाखवून दिलं, तर त्या परीक्षकाचे सगळे गुण बाद. परीक्षकानं स्वतःच चूक कळवली, तर गुण दुरुस्त करून घ्यायचे. दोन्हींना मुदत दहा दिवस. आधी जे पोचेल ते धरायचं."

"स्वतःहून कोण कळवतंय! बाद झाले तर काय होतं?"

"त्यांचे सहा जातात, आपले दोन जातात. दोन्हीकडे दोनशे पंचवीस."

"बरोबरी!"

"बरोबरी झाली की प्रेक्षकांची मतं मोजतात."

"आणि प्रेक्षकांत?"

"आपण दुपटीनं पुढे आहोत," बारीकराव म्हणाले.

खोलीत कोणीतरी टाळी वाजवली. अध्यक्षांनी पाय दाबून सभा थांबवली. "म्हणजे ही चष्मेवाली बाई शोधायची, तिच्याकडून काढून घ्यायचं की तिनं गुण कसे दिले, आणि काही वेडंवाकडं सापडलं की तक्रार ठोकायची. आता हे काम कोणाचं? बारीकराव, तुम्ही तर त्याच धंद्यातले. अशा बायका असतील तरी किती?"

"बऱ्याच आहेत," बारीकराव म्हणाले.

"शांततेची आवड असलेल्या?"

"त्या कमी."

ठराव एकमतानं झाला. पुढच्या रविवारी पुरावा मांडायचा, सोमवारी तक्रार द्यायची. बारीकरावांनी तो इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिला.

*

सोमवारी ताई नेहमीसारखी नऊला आली.

"अरे, डोळे सुजलेत तुझे."

"काचेची धूळ."

बारीकरावांनी शनिवारपासून काचेला हात लावला नव्हता. ताईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ते गेल्यावर ती काही बोलली नाही. तेही बोलले नाहीत. दुपारपर्यंत न बोलण्याची दोघांना सवय झाली.

दुकान मात्र चालू होतं. खिडकीतून चिठ्ठ्या जात होत्या, काचा येत होत्या. एका चिठ्ठीवर ताईनं नंबराखाली लिहिलं, 'गिऱ्हाइकाला घाई आहे.' बारीकरावांनी खाली लिहिलं, 'सगळ्यांनाच असते.' मंगळवारी ताईचे यजमान डबा घेऊन आले आणि त्यांनी पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत दोनदा फेऱ्या मारल्या.

"अरे, काय लावलंय काय तुम्ही दोघांनी?" ते बारीकरावांना म्हणाले. "घरी गेलो की बायको बोलत नाही, इथे आलो की मेहुणा बोलत नाही. मी काय या अक्षरांच्या तक्त्याशी गप्पा मारू?"

"भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"ट्रेनिंग कसलं होतं ते."

भाऊजींनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "मला एवढंच माहीत होतं की विचारायचं नाही," ते म्हणाले. "तुझ्या बहिणीनं गुप्ततेची सही केली म्हणजे केली. आमच्या लग्नाच्या वेळीसुद्धा तिनं कागद तीनदा वाचला होता."

बुधवारी दुपारी एका शाळामास्तरांची चिठ्ठी खिडकीतून आली. बारीकरावांनी ती वाचली, पेन घेतलं, नंबराखाली दोनच शब्द लिहिले आणि चिठ्ठी परत सरकवली. 'खात्री आहे?'

पुढच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मास्तरांना "दोन मिनिटं बसा हं" असं सांगून ताई आत आली. सव्वीस वर्षांत कामाच्या वेळी ती कधी आत आली नव्हती.

"हे काय लिहिलंस?"

"विचारलं."

"कधी विचारलं नव्हतंस."

"तूही कधी कोणाला दोन दिले नव्हतेस."

ताई स्टुलावर बसली. "कळलं म्हणजे तुला."

"शिवणकाम, शांतता. मीच लिहिलं होतं."

"मग निःपक्षपातीही तूच लिहिलं होतंस, बारक्या. मी काय करणार? तिथे गेल्यावर त्यांनी मला तोच कागद दाखवला. हे तुम्हीच ना, म्हणाले. मी हो म्हटलं."

"निःपक्षपाती म्हणजे दोन?"

"अरे, मला ते गाणं वाईट नव्हतं वाटलं."

"वाईट नव्हतं वाटलं तर दोन. वाईट वाटलं असतं तर?"

"एक," ताई म्हणाली. "तिच्या पुढच्याला दिलाच की एक."

बारीकरावांनी चाक बंद केलं. "कसे दिलेस तू गुण? सांग मला. पहिल्यापासून."

"कसे म्हणजे? देतात तसे. पहिल्या गाण्याला पाच. मधोमध. मग पुढचं ऐकायचं. आधीच्यापेक्षा बरं वाटलं तर एक वर, नाही वाटलं तर एक खाली. दुसरं काय करणार?"

मास्तर बाहेर खोकले. बारीकरावांनी चिठ्ठीच्या मागे आकडे मांडले. पाच, सहा, पाच, चार, तीन, दोन, तीन, दोन, एक, दोन. हा तक्त्यातला नववा रकाना होता, त्यांना तो तोंडपाठ होता. आता त्यांना तो दिसलाही. ताईनं दहा गाण्यांचा नंबर काढला होता. खुर्चीतल्या माणसापुढे ती असंच करते : एक काच, मग दुसरी, आधीची बरी की ही, आणि जिथं माणूस थांबतो तो त्याचा नंबर. मधल्या काचांना कोणी गुण देत नाही. इथे मधल्यांनाही गुण द्यायचे होते, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानाबाहेर वाढलेल्या कोणाच्याही हातून ही चूक झाली नसती.

राग धरून ठेवायला त्यांना बरं पडलं असतं. पण आता तो नीट धरता येईना.

"सातवं कसं होतं?" त्यांनी विचारलं. "एकटा म्हातारा पेटी घेऊन बसला होता ते."

"अरे, ते तर सगळ्यांत छान! माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"त्याला तू तीन दिलेस."

ताई स्टुलावर सरळ बसली.

"आणि पहिलं? शिट्टीवाला?"

"भिकार होतं ते."

"त्याला पाच."

ताईनं चिठ्ठी हातात घेऊन आकड्यांवरून दोनदा नजर फिरवली. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी चुकीचा नंबर दिला," ती म्हणाली. "देवा! आणि ती बाई आता चुकीच्या नंबरानं हिंडतेय."

"ती क्रेन चालवणार आहे," बारीकराव म्हणाले.

"गप रे." ताई उठली. "बदलून द्यायचा. चुकीची काच गेली तर आपण काय करतो? गिऱ्हाइकाला बोलावतो आणि बदलून देतो. तसं काही करता येतं का तिथे? तुला सगळे नियम माहीत असतात."

बारीकरावांना नियम सतरा माहीत होता. त्याचा पहिला भाग आणि दुसरा भाग, दोन्ही.

"येतं," ते म्हणाले.

"मग उद्या सुट्टी आहे. उद्या मला सगळी गाणी पुन्हा ऐकव. नीट." दारात जाऊन ती वळली. "आणि मास्तरांचा नंबर बरोबर आहे. खात्री आहे."

*

गुरुवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. ताई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि बारीकराव तिच्या स्टुलावर. प्रत्येक गाणं प्रत्येक गाण्यासमोर लावायचं, दोन्हींचं एकेक मिनिट ऐकायचं आणि बरं कुठलं ते सांगायचं. दहा गाण्यांच्या पंचेचाळीस जोड्या होतात. सगळ्यांत जास्त जोड्या जिंकेल त्याला दहा, पुढच्याला नऊ, असं खाली उतरत जायचं. ही पद्धत बारीकरावांनी सुचवली, ताईला ती पटली.

"पण विचारताना सरळ विचार," ताईनं बजावलं. "पहिलं की दुसरं, बस. दोन्ही शब्दांवर सारखाच जोर. आपला आवाज कलला की माणूस कलतो."

"माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं. तू कधी खुर्चीपुढे बसलेला नाहीस."

पहिल्या दहा-बारा जोड्यांत बारीकरावांचा आवाज दोनदा कलला आणि ताईनं दोन्ही वेळा ती जोडी पुन्हा लावायला सांगितली. मग त्यांना जमलं. कागदावर रेघा वाढत गेल्या. म्हातारा सगळ्या जोड्या जिंकत होता. शिट्टीवाला सगळ्या हरत होता. साडेअकराला एकच जोडी उरली : दुसरं गाणं आणि आठवं. चंदेरी कोट आणि गोदीवाली. बाकीच्यांत दोघं फक्त म्हाताऱ्याशी हरले होते. या जोडीत जो जिंकेल त्याला नऊ, हरेल त्याला आठ.

मनातल्या मनात आकडेमोड करण्याची बारीकरावांना सवय होती, आणि ती नको तेव्हाही सुटत नसे. ताईनं गोदीवालीला निवडलं तर गोदीवाली दोनशे चौतीस, चंदेरी दोनशे तेहेतीस. ती जिंकते. ताईनं चंदेरी कोटांना निवडलं तर आकडे तेच, माणसं उलटी. ती हरते. ताईला यातलं काही माहीत नव्हतं. ती डोळे मिटून खुर्चीत बसली होती, हात खुर्चीच्या दांड्यांवर.

त्यांनी गाणी लावली, आधी चंदेरी कोट, मग गोदीवाली.

"पहिलं की दुसरं?"

आवाज सरळ आला. इतका सरळ की त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"पहिलं," ताई म्हणाली. "थांब. उलट्या क्रमानं लाव."

त्यांनी उलट्या क्रमानं लावलं. आधी गोदीवाली आली, जिना चढत, तिसऱ्या मजल्यावर श्वास घेत. बारीकरावांनी समोरच्या अक्षरांच्या तक्त्यातल्या सगळ्यांत लहान ओळीकडे नजर लावून ठेवली. मग चंदेरी कोटवाले आले. ताईचा उजवा हात दांड्यावरून चार बोटं वर उचलला गेला. तिला कळलं नसावं. बारीकरावांनी पाहिलं.

"पहिलं की दुसरं?"

ताईनं डोळे उघडले. "दुसरं," ती म्हणाली. "हे जिन्याचं तुझं ना रे? वाईट वाटतंय मला. चांगलं आहे ते, खरंच चांगलं आहे. पण... पुन्हा एकदा लावतोस? कदाचित मी दमलेय."

सव्वीस वर्षं बारीकराव भिंतीपलीकडून ऐकत आले होते. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई सांगायची : दोनदा विचारा, तिसऱ्यांदा विचारू नका. तिसऱ्यांदा माणूस विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून उत्तर देतो.

"लाव की," ताई म्हणाली.

"नको," बारीकराव म्हणाले, आणि चंदेरी कोटांपुढे नऊ लिहिले.

*

पत्र ताईनं लिहिलं. आपण गुण कसे दिले, त्यात चूक काय झाली, बरोबर गुण कोणते, एवढंच. शेवटी 'मी फार लज्जित आहे' असं होतं. बारीकरावांनी ते वाक्य खोडून पत्र पुन्हा लिहायला लावलं.

"तूच नेऊन दे," ताई म्हणाली. "मला तिथे तोंड दाखववत नाही."

शुक्रवारी सकाळी ते स्पर्धेच्या कचेरीत रांगेत उभे होते. कोटाच्या डाव्या खिशात ताईचं पत्र होतं. उजव्या खिशात अध्यक्षांनी फोनवर सांगितलेला तक्रारीचा मसुदा होता. त्यात फक्त पुराव्याची जागा कोरी होती, आणि ती कशी भरायची ते या घडीला जगात बारीकरावांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पाच ओळी पुरल्या असत्या. ताईचा नववा रकाना बाद झाला असता, बरोबरी झाली असती, प्रेक्षकांची मतं मोजली गेली असती, आणि गोदीवाली जिंकली असती. ताईनं दोनदा ऐकून काय सांगितलं ते कोणाला कळण्याचं कारणच नव्हतं.

त्यांचा नंबर आला.

"तक्रार की दुरुस्ती?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं. "तक्रारीला पिवळा अर्ज, दुरुस्तीला पांढरा."

बारीकरावांनी दोन्ही खिसे चाचपले. मागचा माणूस म्हणाला, "अहो काका, आटपा की."

"दुरुस्ती," बारीकराव म्हणाले.

कारकुनानं पत्र वाचलं, बाजूच्या तक्त्यात आकडे बघितले, पेन्सिलीनं बेरीज केली. "यानं निकाल बदलत नाही."

"माहीत आहे."

"मग एवढ्या लांब कशाला आलात?"

"चूक होती."

कारकुनानं शिक्का मारला. "पोच हवी?"

"हवी," बारीकराव म्हणाले.

*

रविवारी अकरा वाजता सहाही सभासद वेळेवर हजर होते.

"सापडली?" अध्यक्षांनी विचारलं.

"सापडली."

"कुठे?"

"घरी. माझी बहीण आहे."

खाली रंगाच्या दुकानात कोणीतरी डबा आपटला. बारीकरावांनी गुण कसे दिले गेले ते सांगितलं, पंचेचाळीस जोड्यांचं सांगितलं आणि पोच टेबलावर ठेवली. अध्यक्षांचा पाय जमिनीवर दाबला गेला आणि तिथंच राहिला.

"म्हणजे पुरावा तुमच्या हातात होता," ते हळूहळू म्हणाले. "आणि तुम्ही जाऊन पांढरा अर्ज भरलात."

"हो."

"बहिणीसाठी."

"बहिणीनं पुन्हा ऐकलं आणि तिला 'हात वर' जास्त आवडलं. दोनदा. मी समोर होतो."

"अहो, पण तुम्हाला कोण आवडतं?" दंतवैद्यबाई जवळजवळ ओरडल्या.

"गोदीवाली," बारीकराव म्हणाले. "त्यात काय विचारायचं?"

त्यांना मंडळातून काढण्याचा ठराव सहा विरुद्ध शून्य मंजूर झाला. बारीकरावांनी मत दिलं नाही. इतिवृत्त लिहिणं हे चिटणिसाचं काम, आणि ठराव मंजूर होईपर्यंत चिटणीस तेच होते. म्हणून तेही त्यांनीच लिहिलं आणि वही अध्यक्षांच्या स्वाधीन केली.

*

दहा दिवसांनी वर्तमानपत्राच्या सातव्या पानावर, शुद्धिपत्रात, तीन ओळी आल्या. परीक्षक क्रमांक नऊ यांच्या विनंतीवरून गुण दुरुस्त करण्यात आले आहेत. दोनशे चौतीस, दोनशे तेहेतीस. निकालात बदल नाही. त्याच पानावर वर, गोदीवाली सोमवारपासून बंदरात कामावर रुजू झाल्याची बातमी होती. फोटोत क्रेनच्या काचेमागे ती जेमतेम दिसत होती.

बारीकराव पान घेऊन खिडकीशी गेले. हल्ली ते बोलत होते.

"एका गुणानं हरली," ते म्हणाले. "आधी चारानं हरली होती."

ताईनं अक्षरांचा तक्ता पुसता पुसता विचारलं, "मग बरं वाटतंय का थोडं?"

बारीकरावांनी विचार केला. "नाही. जास्त लागतंय."

"चार परत करून घेऊ या का?"

"नको."

ताईनं फडकं ठेवलं आणि पान खिडकीतून ओढून घेतलं. "आणि माझ्या म्हाताऱ्याचं काय झालं? त्याला मी दहा दिले ना."

"आठवा आला. नववा होता."

"बघ!" ताई म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. "चढला की नाही! कळवतील ना रे त्याला?" आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही तिनं, त्यानं न विचारता, तो म्हातारा नवव्याचा आठवा आल्याचं सांगितलं.

बारीकराव मागच्या खोलीत परतले. ते सातवं गाणं त्यांनी त्या गुरुवारी निदान नऊ वेळा स्वतःच्या हातानं लावलं होतं. ते कसं होतं हे आठवून पाहिलं, तर एवढंच आठवलं की ते संपायची वाट पाहत होतो. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी चाक थांबवलं, स्टूल भिंतीला टेकवलं आणि ते लावलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता.

वाईट नव्हतं. बारीकराव सहा देणार होते. मग पेटी थांबते आणि म्हातारा नुसत्या आवाजावर दोन ओळी गातो ती जागा आली, आणि त्यांनी सात केले. सातवर ते बराच वेळ बसून राहिले.